दोन बोटं जादा

६ जानेवारी

भाचीने ही वही आणून दिली. म्हणाली, ब्लॉग लिहायचा तर आधी रोज चार ओळी खरडायची सवय लावा, कुणाला न दाखवता. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी फक्त मापं लिहिली आहेत. ती म्हणाली, "मग मापं लिहा, मामा. पण लिहा."

ब्लॉगची काडी तिनेच टाकलेली आहे. दुकान बंद करून मला आठ महिने झाले. हात कापायला लागला होता. काज करताना सुई बोटात गेली आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ठिपका पडला, त्याच दिवशी ठरवलं, आता पुरे. कात्री, खडू, टेप आणि मशीन एवढं घरी आणलं. मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे आणि मशीनच्या शेजारी मी. रस्त्याने जाणाऱ्यांचे खांदे कुठे उतरलेत, कुणाची पँट बोटभर लांब आहे, हे बघण्यात माझा दिवस जातो. भाचीला ते बघवत नाही. तिने तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि मराठी टाइप करायला शिकवलं. 'क्ष' सापडायला मला पाऊण तास लागला.

११ जानेवारी

आज बैठक झाली. बैठकीला भाची, मी आणि चहा. प्रश्न एकच, ब्लॉग कशावर?

मी म्हटलं, सगळ्यावर. माणसं, जग, हल्लीची पिढी. सांगण्यासारखं माझ्याकडे पोतंभर आहे.

"सगळ्यावर म्हणजे कशावरच नाही. आधी तुमची निश ठरवा."

निश म्हणजे काय, तर एक छोटा कोपरा. जगात लाखो लोक लिहितायत, त्यात आपला एक कोपरा धरायचा आणि तो सोडायचा नाही. जितका लहान तितका बरा म्हणे. मला काही हे पटलं नाही. आयुष्यभर दहा बाय आठच्या कोपऱ्यात बसलो, आता कुठे मोकळं बोलायला मिळतंय तर पुन्हा कोपरा.

जाता जाता ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "नात्यांवर लिहा ना. आईवडील, मुलं, असं काहीतरी."

मी म्हटलं, त्यातलं मला काही कळत नाही. ती कप विसळायला उठली.

१८ जानेवारी

'हल्लीची पिढी' हा पहिला लेख टाकला. वाचक चार. भाची, अक्का आणि दोनदा मी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई. तिने फोन करून सांगितलं, "छान लिहिलंयस. पण वाचताना वाटलं, तू मलाच ओरडतोयस."

२३ जानेवारी

दुसरा लेख, कोट कसा बेतावा. तीन दिवस खपून लिहिला. वाचक सात आणि खाली एकाची प्रतिक्रिया, "काका, पण कोट घालतं कोण?" नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याचं काही चूक नाही.

भाची म्हणते, लोक जिथे अडतात तिथे तुमचा विषय. शेवटची दहा वर्षं लोक तुमच्याकडे कशासाठी यायचे ते आठवा.

आठवायला कशाला हवं? दुरुस्तीला. समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं, सगळं काचेचं, आत गार हवा. माझ्याकडे माप द्यायला येणारे लोक तिथली पिशवी हातात घेऊन यायला लागले. कंबर सैल करा, बाही आखूड करा, चेन बदला. मी ते केलं, पण मान वर करून कधी केलं नाही. आता त्यावरच लेख लिहायचे म्हणजे वर त्या दुकानाची चाकरी.

आणि त्या दुकानाने नुसती गिऱ्हाइकं नेली असती तर मी काही बोललो नसतो.

२४ जानेवारी

काल अर्धवट सोडलं. वही कुणी वाचणार नाही, मग लाज कसली.

माझी मुलगी. लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी मशीनभोवती गोल गोल फिरायची म्हणून मी तिला बॉबिन म्हणायचो. दहाव्या वर्षी ती सरळ टीप मारायची. मी धरून चाललो होतो की दुकान तीच चालवणार. तिने त्या समोरच्या दुकानातल्या विक्रेत्याशी लग्न ठरवलं. गळ्यात टेप अडकवून उभा असायचा, पण माप कधी घेतलं नसेल. लहान, मध्यम, मोठा, एवढीच त्याची मापं. मी त्याला रेडीमेड म्हणतो.

ती सांगायला आली तेव्हा माझा तिळपापड झाला. गिऱ्हाइकांना जे नेहमी ऐकवायचो तेच मी तिला ऐकवलं. "कापायच्या आधी शंभरदा विचार करायचा. एकदा कात्री चालली की कापड परत येत नाही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." तिने मान खाली घातली आणि गेली.

लग्नाला मी गेलो नाही. बायको गेली, अक्काबरोबर. त्याला पाच वर्षं झाली. बायको वारली त्यालाही दोन होतील. त्या दिवशी मुलगी आली होती. माझ्याशी बोलली नाही, मीही बोललो नाही. जाताना आईच्या कपाटातून काहीतरी पिशवीत घालून घेऊन गेली. काय ते मी विचारलं नाही. अक्का मधूनमधून तिचं नाव काढायला बघायची. मी निक्षून सांगितलं, त्या घरातलं चांगलं-वाईट काही माझ्या कानावर घालायचं नाही. दोनदा भांडली, मग तिने सोडून दिलं.

हे काही ब्लॉगवर लिहिता येणार नाही. दुरुस्ती तर दुरुस्ती.

२ फेब्रुवारी

ब्लॉगचं नाव 'सैल-घट्ट'. दुरुस्तीवरचा पहिला लेख, कंबर सैल कशी करावी. वाचक एकशे बारा! भाचीने फोनवरच आरडाओरडा केला.

लेखात मी समजावून सांगितलं, की शिवणीच्या आत जे जादा कापड दाबलेलं असतं त्याला आम्ही माया म्हणतो. हाताने बेतणारा शिंपी ती भरपूर सोडतो, कारण माणूस काही कायम तेवढाच राहत नाही. तयार कपड्यात ती नखाएवढी असते. समोरच्यांना एक चिमटा काढून घेतला.

९ फेब्रुवारी

एक नवी वाचक आली आहे. नाव लावते 'नवशिकी'.

तिने लिहिलं, "नमस्कार काका. माझा एक ड्रेस कमरेत घट्ट होतोय. आत कापड आहे. घरी सैल करता येईल का? मशीन आहे, पण सवय सुटली आहे."

मी लिहिलं, "न यायला काय झालं! ब्लेडने जुनी टीप उसवा, घाई करू नका, मग आधी धावदोरा घालून अंगाला लावून बघा. आणि जेवणावर जरा ताबा ठेवा."

तिचं उत्तर आलं, "हसले."

भाचीला हे वाचून दाखवलं. तीही हसली. मग म्हणाली, "तिला नीट उत्तरं देत जा हं, मामा. चांगली वाचक आहे." मी म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाली, प्रश्नावरून कळतं.

१६ मार्च

नवशिकीचा प्रश्न. "काका, तोच ड्रेस पुन्हा घट्ट झाला. या वेळी जेवणाचा दोष नाही. सहावा महिना आहे."

का कोण जाणे, फार बरं वाटलं. ना ओळख ना पाळख. मी लिहिलं, "अभिनंदन, पोरी!" लिहून झाल्यावर वाटलं, परक्या बाईला पोरी काय म्हणतोस, पण मग तसंच राहू दिलं. पुढे लिहिलं, की आता आहे ते कापड ताणू नका, दोन्ही बाजूंना पट्टी जोडा. आणि फार वेळ पेडल मारू नका, पाय सुजतात. घरातल्या माणसाला बसवा मशीनवर.

"बसतो तो. त्याला सरळ टीप अजून येत नाही."

"येईल. शिकवा त्याला. पण ओरडू नका, ओरडून कोणाला शिवण येत नाही."

यावर तिने लिहिलं, "बरं काका."

३० मार्च

नवशिकीला विचारलं, शिवणकाम शिकलात कोणाकडे?

"वडिलांकडे."

"मग त्यांनाच विचारा की. तुमचं माप त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

"ते हल्ली माझं काम करत नाहीत."

"हट्टी दिसतात."

"आहेत. पण हात चांगला आहे त्यांचा."

असतात असे काही बाप. मला त्या माणसाचा राग आला. इतकी गुणाची मुलगी, अशा वेळी तिला कुठल्या तरी परक्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं.

१२ एप्रिल

आज नवशिकीने मोठा प्रश्न विचारला. "माझ्या आईचा एक जुना सुती गाऊन आहे. धुऊन धुऊन मऊ झालाय. त्यातून बाळाचं झबलं करायचं आहे. गाऊनला उजवीकडे मोठा खिसा आहे, तो मोडायचा नाही. कापड कुठून घेऊ?"

मी म्हटलं, खिशाच्या खालच्या घेरातून घ्या, वरचं काही हलवू नका. मग तिने विचारलं, माया किती सोडू?

"तान्ह्या बाळाच्या कपड्याला एरवी अर्धं बोट पुरतं. पण तुम्ही दोन बोटं सोडा. सगळ्या शिवणींत. लोक हसतील, हसू देत. मुलं डोळ्यादेखत वाढतात. टीप उसवली की झबलं मोठं. एवढं मऊ कापड सहा महिन्यांत टाकून द्यायचं का?"

"दोन बोटं कुणाची, काका? माझी बारीक आहेत."

"शिंप्याची. माझी जाड आहेत. तुम्ही तुमची अडीच धरा."

माझ्या बायकोलाही असाच खिसा लागायचा, चष्मा ठेवायला. तिच्या प्रत्येक गाऊनला मी तो न सांगता शिवायचो. हे लिहिताना क्षणभर मनात काहीतरी आलं. पण आयांचे गाऊन सगळीकडे सारखेच असतात आणि चष्मे सगळ्यांनाच लागतात. मी लॅपटॉप मिटला आणि कुंड्यांना पाणी घातलं.

२९ एप्रिल

भाची विचारत होती, "मग मामा, निश ठरली का?" मी म्हटलं, सैल करणे. लोक घट्ट करायला फारसे येत नाहीत, सैल करायलाच येतात. तिला हे आवडलं.

हल्ली उठल्या उठल्या आधी लॅपटॉप उघडतो. नवशिकीने काल लिहिलं होतं, की झबलं झालं, एक शिवण नवऱ्याने मारली आहे, ती वाकडी आहे पण तशीच ठेवली. मी लिहिलं, ठेवा ठेवा, बाळाला बापाची शिवण कुठली ते आपोआप कळेल. आपल्याच विनोदावर मी एकटा बसून हसलो. किती दिवसांनी हसलो कोण जाणे.

२० मे

भाची दहा दिवसांत फिरकलेली नाही. अक्काला फोन केला तर म्हणाली, मी जरा बाहेर आहे. मागून कुणीतरी कुणाला तरी नंबर पुकारून आत बोलवत होतं. कुठे आहेस विचारलं तर म्हणाली, इथेच. तिच्या गुडघ्याचं काहीतरी निघालं असणार आणि मला सांगत नाहीये. आमच्या घराण्यात सगळे असेच, मूग गिळून बसणारे.

नवशिकीचाही काही पत्ता नाही. तिचे दिवस भरत आले असतील, तिला कुठली फुरसत.

२८ मे

भाची आली. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत. ऑफिसात काम फार आहे का म्हटलं, तर हो म्हणाली. चहा केला, तो तसाच निवला.

मग एकदम म्हणाली, "मामा, तुम्हाला कधी कोणाला विचारावंसं वाटत नाही, की बाबा रे, कसं चाललंय तुझं?"

"कोणाला?"

"कोणालाही."

मी म्हटलं, ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.

"तुम्ही सांगू देता?" असं म्हणून ती चप्पल घालून निघून गेली. तरुण माणसांना हल्ली पटकन राग येतो. यावर लेख होऊ शकला असता, पण तो आपला कोपरा नाही.

८ जून

नवशिकी परत आली! इतक्या दिवसांनी नाव दिसलं आणि जीव भांड्यात पडला. तिने लिहिलं, "काका, ते झबलं उसवून कापड परत गाऊनला जोडता येईल का? गाऊन पहिल्यासारखा करायचा आहे."

म्हणजे बाळ झालं! मी आधी अभिनंदन लिहिलं. मग जरा रागानेच लिहिलं, कारण मला तिची धरसोड आवडली नाही. "एवढ्या कष्टाने शिवलेलं उसवायचं कशाला? बाळाला घट्ट होत असेल तर दोन बोटं सोडायला सांगितली होती ना, ती मोकळी करा. आणखी सहा महिने सहज जाईल. गाऊन काही पहिल्यासारखा होणार नाही. कापायच्या आधी शंभरदा विचार करायचा असतो. एकदा कात्री चालली की कापड परत येत नाही. बाळाला माझा आशीर्वाद सांगा."

कानही टोचले आणि आशीर्वादही दिला. उत्तर बरं जमलं.

९ जून

तिच्या प्रश्नाच्या जागी आता लिहिलेलं दिसतं, 'ही प्रतिक्रिया काढून टाकण्यात आली आहे.' खाली माझं उत्तर तेवढं उरलं आहे. काय बिघडलं? फार लागट बोललो का? पुन्हा वाचलं तर मला तसं काही वाटलं नाही.

१३ जून

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी भाची आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"मामा, ते उत्तर तुम्ही लिहिलंत?"

"कोणतं?"

"झबल्याचं."

"मग काय? कापायच्या आधी विचार..."

"ती बॉबिन आहे, मामा."

मला कळलं नाही असं नाही. कळलं, लगेच कळलं. गाऊन, खिसा, हट्टी बाप, सगळं एका दमात कळलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग बाळ कसं आहे?"

भाची रडायला लागली. म्हणाली, बाळ गेलं. मे महिन्यात, आठवा लागल्यावर. अचानक त्रास झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. अक्का आठ दिवस तिच्यापाशीच होती.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, त्या घरातलं चांगलं-वाईट काही कानावर घालायचं नाही. चांगलं होतं तेव्हा आई सांगू शकली नाही, मग वाईट कोणत्या तोंडाने सांगणार? मीच तिला ब्लॉग दाखवला. म्हटलं, निदान असं तरी बोलाल. आणि बोलत होतात की, मामा. किती छान बोलत होतात."

मग तिने डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा टाकला. मी मशीनपाशी बसून राहिलो. बाळाला आशीर्वाद सांगा, असं मी लिहिलं होतं. दोन बोटं मोकळी करा, असंही.

१४ जून

सगळ्या प्रतिक्रिया पहिल्यापासून वाचल्या. ज्या बापाचा मला राग आला होता तो मीच. चार महिने माझी मुलगी माझ्याशी बोलत होती आणि मी तिला जेवणावर ताबा ठेवायला सांगत होतो.

ते उत्तर काढून टाकलं. काढल्याने काय होणार, तिने वाचलं ते वाचलं.

१५ जून

दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. जायचं जिवावर येतं. गेलो आणि तिने दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे, एवढं स्वतःला समजावलं.

१६ जून

गेलो.

तिसरा मजला, दोन खोल्या. दार जावयाने उघडलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला जवळून पाहिलं. शर्ट खांद्यात उतरलेला, दाढी वाढलेली. मला वाटलं होतं, काहीतरी लागट बोलेल. तो म्हणाला, "या बाबा," आणि आत बघून हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं आलात."

ती खिडकीपाशी बसली होती, तिच्या मशीनशेजारी. मशीनवर चादर टाकलेली. खुंटीवर तिच्या आईचा गाऊन, खिसा जागेवर, खालचा घेर नाही. मी तो गाऊन पाहिला आणि उभाच राहिलो.

"बसा ना," ती म्हणाली. "चहा घेणार?"

मी म्हटलं, "मी चुकलो, बॉबिन." एवढंच ठरवून गेलो होतो.

तिने मशीनवरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही मला पोरी म्हणालात ना, मार्चमध्ये, तेव्हा मला वाटलं तुम्हाला कळलंय. कळूनच बोलताय."

"नाही गं. नाही कळलं."

"ते नंतर समजलं मला. मग म्हटलं, नाही तर नाही, बोलतात तरी आहेत. बाळ झाल्यावर झबल्याचा फोटो टाकणार होते, खिशासकट गाऊनचा पण. म्हटलं, मग तरी ओळखतील."

जावई चहा घेऊन आला. तिघांनी चहा घेतला. तिने मशीनच्या खणातून झबलं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या पंजापेक्षा थोडंच मोठं.

"रोज ब्लेड घेऊन बसते. एक टाका उसवत नाही. तुम्ही उसवून द्या, बाबा. मला आईचा गाऊन पूर्ण हवा आहे. आणि हे असं, एवढंसं, घरात नको."

"जोड दिसेल," मी म्हणालो. तेवढंच खरं मला सांगता येत होतं.

"दिसू दे."

१९ जून

तीन दिवस झबलं आणि गाऊन घातलेली पिशवी मशीनवर तशीच आहे. भाचीचा फोन येऊन गेला. ब्लॉगवर लोक विचारतायत, काका कुठे गेले म्हणून. ती भीत भीत म्हणाली, बंद करायचा का? मी म्हटलं, नको. विषय मात्र बदलतो. आता फक्त उसवण्यावर लिहीन. ती म्हणाली, मामा, एवढ्या लहान विषयाला वाचक कुठून येणार? मी म्हटलं, एक आहे.

२१ जून

सकाळी, उजेड चांगला असताना, बसलो. हात कापत होता म्हणून कोपर मशीनच्या फळीवर टेकवलं आणि एका वेळी एकच टाका घेतला.

आधी बाह्या काढल्या. मग डावी बाजू. तिची टीप अजून तशीच आहे, दहाव्या वर्षी होती तशी, एकसारखी बारीक. उजवी बाजू वाकडी होती, ती जावयाची. मध्ये दोनदा भरकटलेली, पण दोरा पक्का, शेवटाला तीन तीन वेळा मागेपुढे टीप मारून बंद केलेली. ती उसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सगळे तुकडे सुटे झाल्यावर इस्त्रीने सपाट केले. आत दाबलेलं कापड बाहेर आलं. गाऊनसारखंच विटलेलं आणि मऊ, बायकोच्या अंगावरच्या त्याच फुलांचं. कडेने खडूची रेघ होती. प्रत्येक शिवणीला तिने मोजून जादा कापड सोडलं होतं, खांद्याला, काखेत, दोन्ही बाजूंना.

मी तिला तिची अडीच बोटं धरायला सांगितली होती. रेघेपासून टिपेच्या खुणांपर्यंत मी माझी दोन बोटं ठेवून बघितली. सगळीकडे बरोबर बसली, कुठेही कमी नाही की जास्त नाही. माझी बोटं किती जाड आहेत ते तिला ठाऊक होतं.